पन्नास टक्के मार्जिन

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोन वाक्यांचं भय असतं. पहिलं, "साहेबांनी बोलावलंय," आणि दुसरं, "बाबा, जरा पैसे हवे होते." पहिल्याला मी बावीस वर्षांत सरावलो. साहेब बोलावतात ते बहुधा पंख्याचं बटण कुठलं हे विचारायला. दुसऱ्याला मात्र अजून सरावलेलो नाही, कारण ते वाक्य नेमकं तोंडात घास असताना येतं.

परवा तसंच झालं. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, जरा पैसे हवे होते. सेकंडहँड लॅपटॉप मिळतोय. सत्तावीस हजाराला."

"कशाला?"

"मी गेम करतोय."

हिच्या हातातली पळी थांबली. हिंदी सिनेमांनी 'गेम करणे' या क्रियापदाचा जो अर्थ करून ठेवलाय तो हिला ठाऊक आहे. नववीतल्या मुलानं आमटी-भात खाताना असं काही कबूल करावं, याचा धक्का कुठल्याही आईला बसेल. खुलासा झाला तेव्हा कळलं, की चिरंजीव कोणाची गेम वाजवत नव्हते. संगणकावर चालणारा एक खेळ स्वतः तयार करत होते. शाळेतल्या संगणकावर मधल्या सुट्टीत काम चालतं, पण ते यंत्र आठवड्यातून चार दिवस बंद असतं.

"शिकवलं कोणी तुला?" मी विचारलं.

"कोणीच नाही. करून बघायचं, चुकलं की पुन्हा करायचं."

मी म्हटलं, "बघतो." बँकेच्या भाषेत 'बघतो' म्हणजे 'नाही', पण सभ्यपणे. चिरंजीव बँकवाल्याचेच चिरंजीव असल्यामुळे त्यांना ते कळलं आणि ते मुकाट्यानं ताक मागून मोकळे झाले. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. का लागेना ते पुढे सांगतो; आधी कामाचं बोलू.

कर्जाच्या अर्जावर शेरा मारण्यापूर्वी आमच्याकडे धंद्याचा पूर्वेतिहास पाहतात. अर्जदार पिठाची गिरणी टाकणार असेल तर गिरण्यांचा, कुक्कुटपालन करणार असेल तर कोंबड्यांचा. तेव्हा कोणीही न शिकवता खेळ तयार करणाऱ्या पोरांचा पूर्वेतिहास काय, हे पाहायला मी बसलो. दोन रात्रींचं काम म्हणून बसलो आणि तीन आठवडे उठलोच नाही.

पहिलीच फाइल निघाली ती अमेरिकेतल्या टेक्सासची. अर्जदार : रिचर्ड गॅरिअट, जन्म १९६१. वडिलांचा व्यवसाय : अंतराळवीर. आमच्या छापील अर्जात 'नोकरी / धंदा / शेती' एवढेच रकाने असतात. हे गृहस्थ कुठे बसवायचे इथपासून अडचण. वडील ओवेन गॅरिअट हे १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात ५९ दिवस राहून आले होते. हीच ती स्कायलॅब, जी १९७९ मध्ये आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून भारतभर घबराट उडाली होती आणि जी शेवटी जाऊन पडली ऑस्ट्रेलियात. अशा घरातल्या मुलानं मोठेपणी काय व्हायचं ते ठरलेलंच होतं. पण तेराव्या वर्षी नासाच्या डॉक्टरनं त्याचे डोळे तपासले आणि सांगितलं, की या डोळ्यांनी अंतराळवीर होता येणार नाही. विषय संपला.

त्याच्या शाळेत एक टेलेटाइप यंत्र होतं. टाइपरायटर आणि तारयंत्र यांचा विवाह लावून दिल्यावर जे अपत्य होईल ते टेलेटाइप. दुसरीकडे कुठेतरी असलेल्या मोठ्या संगणकाला ते टेलिफोनच्या तारेनं जोडलेलं. पडदा वगैरे काही नाही. जे व्हायचं ते कागदावर, खडखडाट करत, सेकंदाला फार तर दहा अक्षरं. ते चालवायला शाळेत कोणालाच येत नव्हतं. (शासकीय अनुदानातून आलेल्या यंत्रांबाबत हा अनुभव फक्त आपल्याकडेच येतो असं मी समजत होतो.) या मुलानं शाळेला सांगितलं, "मला रोज एक तास द्या. शिक्षक नको, पुस्तक नको. सत्र संपताना चालणारा प्रोग्रॅम दाखवीन." आणि शाळा चक्क हो म्हणाली! इतकंच नव्हे, तो सांगतो त्याप्रमाणे, बेसिक ही संगणकाची भाषा 'परभाषा' म्हणून धरून तिचे गुणही दिले. गुणांसाठी संस्कृत घेणारी आपली मुलं मला आठवली आणि जग किती लहान आहे याची खात्री पटली.

१९७५ ते १९७९ या शाळेच्या चार वर्षांत त्यानं अठ्ठावीस खेळ लिहिले. अठ्ठाविसांचाही विषय एकच : भुयारं, राक्षस आणि खजिना. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ तेव्हा तिकडे मुलांत गाजत होता, त्यावरून घेतलेला. चांदणीचं चिन्ह म्हणजे भिंत, मोकळी जागा म्हणजे वाट, डॉलरची खूण म्हणजे खजिना. एक पाऊल टाकलं की पुन्हा नवा नकाशा छापून यायचा. खेळांना नावं देण्याच्या भानगडीत तो पडला नाही, नुसते क्रमांक. आमच्या बँकेतल्या परिपत्रकांसारखे. फरक इतकाच, की त्याचा अठ्ठाविसावा पहिल्यापेक्षा चांगला होता.

मग त्याला ॲपल-२ हा नवा घरगुती संगणक हवासा वाटला. बाप अंतराळवीर असला तरी पगारदार. त्यानं मुलाला सांगितलं, "तुझा खेळ धड चालवून दाखव. चालला तर अर्धे पैसे मी देतो."

हे वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. अहो, हे तर पन्नास टक्के मार्जिन! बँक कधीच वस्तूची पूर्ण किंमत देत नाही. काही हिस्सा कर्जदारानं स्वतः घालायचा असतो, त्याला मार्जिन म्हणतात. कारण साधं आहे. ज्या म्हशीत स्वतःचे पैसे अडकलेत तिला माणूस वेळेवर चारा घालतो. बापानं पूर्ण पैसे दिले असते तर ती भेट झाली असती. काहीच दिले नसते तर ती शिकवण झाली असती. अर्धे दिले, म्हणून तो व्यवहार झाला. आणि मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी व्यवहार करण्याच्या लायकीचं समजलं.

खेळ चालला. १९७९ च्या उन्हाळ्यात हा मुलगा संगणकाच्या एका दुकानात कामाला होता. दुकानदार म्हणाला, हा खेळ विकायला ठेव की. मुलानं साधारण दोनशे डॉलर खर्चून माहितीपत्रकाच्या झेरॉक्स काढल्या, मुखपृष्ठाचं चित्र आईनं काढलं आणि फ्रिजमध्ये भाजी ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून 'अकलाबेथ' दुकानात टांगला. डझनभर प्रती खपल्या. त्यातली एक कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या हाती लागली. त्यांनी प्रतीमागे पाच डॉलरचा करार केला. सुमारे ३० हजार प्रती गेल्या. आकडेमोड माझ्या हाताला आपोआप होते : दीड लाख डॉलर. अंतराळात जाऊन आलेल्या बापाच्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. तेही जमिनीवर बसून.

पण एका खातेदाराच्या नशिबावर कर्ज मंजूर करत नाहीत. म्हणून आणखी फाइली काढल्या.

त्यातून कळलं, की या सगळ्याचं मूळ १९६४ सालात आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना वाटलं, की संगणक फक्त शास्त्र शाखेच्या पोरांची मिरास का असावी? म्हणून त्यांनी कोणालाही समजेल अशी 'बेसिक' ही भाषा तयार केली. १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता तिचा पहिला प्रोग्रॅम चालला. गणिताचे प्राध्यापक पहाटे चारला दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांसाठी जागे होते, हे वाचून कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला गहिवरून आलं. १९७३ मध्ये डेव्हिड ॲल यांनी बेसिकमध्ये लिहिलेल्या १०१ खेळांचं पुस्तक काढलं; त्याची १९७८ ची आवृत्ती हे दहा लाख प्रती खपलेलं संगणकविषयक पहिलं पुस्तक. म्हणजे संगणकाचं जगातलं पहिलं 'खपाऊ' पुस्तक हिशेबाचं नव्हतं, खेळांचं होतं. आम्हा कॉमर्सवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

नंतर गंगा वाहिली ती इंग्लंडात. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८१ मध्ये झेडएक्स-८१ नावाचं यंत्र काढलं. तयार घेतलं तर ६९ पौंड ९५ पेन्स, सुटे भाग घेऊन घरी जोडलं तर ४९ पौंड ९५. स्मरणशक्ती एक किलोबाइट, म्हणजे १०२४ अक्षरं. आमच्या बँकेत बचत खातं उघडायच्या फॉर्मच्या मागे बारीक टायपात ज्या अटी असतात, त्यातल्या तिसऱ्या अटीपाशीच हे यंत्र भरलं असतं. तेवढ्या जागेत एकानं बुद्धिबळ बसवलं! यंत्राच्या पाठीला जादा स्मरणशक्तीची पेटी लावता यायची, पण ती सैल बसायची. टेबलाला धक्का लागला की दोन तासांचं काम साफ. १९८२ च्या एप्रिलात त्याचा धाकटा भाऊ आला, झेडएक्स स्पेक्ट्रम. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ चा १७५ ला. त्याच्या कळा रबराच्या होत्या आणि एकेका कळीवर चार-पाच कामं लादलेली. आमच्या शाखेतल्या शिपायासारखी.

खेळ यायचे साध्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर यंत्राला जोडायचा, कळ दाबायची आणि चार-पाच मिनिटं, मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा आवाज ऐकत, श्वास रोखून बसायचं. शेवटच्या क्षणाला गडबड झाली तर पहिल्यापासून.

आईबापांनी ही यंत्रं घेतली ती 'अभ्यासाला उपयोगी' आणि 'घरखर्चाचा हिशेब ठेवता येईल' या दोन थापांवर. या थापा मारण्यात इंग्रज पोरं आणि आपली पोरं यांच्यात काडीचाही फरक नाही. पण एक गोष्ट खरी. ते यंत्र चालू केलं की आपण होऊन काहीच करत नसे. पडदा कोरा, आणि कोपऱ्यात एक खूण वाट बघतेय : बोला, काय करू? आजचा मोबाइल उघडला की तोच आपल्याला शंभर गोष्टी सांगतो. ते यंत्र मुलाला विचारायचं. विकत घ्यायला पैसे नसलेल्या पोरानं तासभर त्या कोऱ्या पडद्याकडे पाहिलं की दुसरं करणार काय? शिकायलाच लागतो. या सगळ्या फाइलींत मला अलौकिक बुद्धिमत्ता फारशी दिसली नाही. दिसला तो रिकामा वेळ, कोरा पडदा आणि मध्ये न पडणारी मोठी माणसं.

शिकण्याची रीतही पाहा. त्या काळी मासिकांत अख्खे प्रोग्रॅम छापून यायचे. पोरांनी ते पानच्या पान टाइप करायचे. त्यात आकड्यांच्या ओळीच्या ओळी असत. एक स्वल्पविराम चुकला, एक आकडा इकडचा तिकडे झाला, की खेळ बंद. मग बसायचं शोधत. १९८३ मध्ये 'कॉम्प्यूट' नावाच्या मासिकानं यावर तोड काढली. टाइप केलेल्या प्रत्येक ओळीची यंत्र एक बेरीज दाखवायचं. मासिकात छापलेल्या बेरजेशी ती जुळली तर ओळ बरोबर, नाही तर चूक त्याच ओळीत.

हे वाचताना मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या सहकारी बँकेत अजून लेजरं होती. संध्याकाळी बॅलन्सिंग करताना नव्वद पैशांचा फरक लागला तरी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसायची. खिशातले नव्वद पैसे टाकून घरी जाऊ, असं मी एकदा सुचवलं तेव्हा हेडक्लार्कनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी देवळात चपला घालून गेलोय. मग म्हणाले, "फरकाला नऊनं भाग. भाग गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत." पाचशे चाळीसचे साडेचारशे लिहिले की फरक नव्वदाचा; नऊनं भाग जातो. चूक सापडली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की सून बाळंत होऊन नातू झालाय. त्या इंग्रज पोरांचा आनंद याच जातीचा असणार. पगारासाठी कोणी रात्री नऊपर्यंत नव्वद पैसे शोधत नाही.

तिसरी फाइल लिव्हरपूलजवळच्या मॅथ्यू स्मिथची. १९७९ च्या नाताळात भेट म्हणून संगणक मिळाला. पुढे सतराव्या वर्षी, १९८३ मध्ये, सुमारे आठ आठवड्यांत त्यानं 'मॅनिक मायनर' लिहिला : खाणकामगार विली, वीस गुहा, उड्या मारायच्या आणि किल्ल्या गोळा करायच्या. सगळं इंग्लंड वेडं झालं. पुढच्या वर्षी 'जेट सेट विली' आला. त्यातला विली आता श्रीमंत झालाय, घरी जंगी मेजवानी झालीय आणि घर आवरून पेले उचलल्याशिवाय मोलकरीण त्याला झोपू देत नाही. (ही कल्पना सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सुचावी यातच त्याचं मोठेपण आहे. विवाहित पुरुषाला ती सुचवावी लागत नाही.)

पण या खेळात एक चूक राहून गेली. माळ्यावरच्या खोलीत एकदा गेलं की घरातल्या दुसऱ्या काही खोल्या बिघडायच्या. तिथे पाऊल टाकताच विली खलास. म्हणजे खेळ पूर्ण करणं अशक्य! प्रकाशकांनी आधी सांगितलं, की ही चूक नव्हेच, त्या खोल्यांत विषारी वायू भरलाय, मुद्दाम. हे उत्तर वाचून मला परक्या देशात आप्त भेटल्यासारखं वाटलं. काउंटर बंद असला की आम्हीही 'ग्राहकांच्या सोयीसाठी' अशीच पाटी लावतो. पोरांनी मात्र त्या विषारी वायूवर विश्वास ठेवला नाही. ते प्रोग्रॅमच्या पोटात शिरले, चुका शोधल्या आणि त्या कशा सुधारायच्या ते कळवलं. शेवटी दुरुस्तीचे आकडे जाहीर करावे लागले.

या फाइलीचा शेवट गोड नाही, आणि तो लपवला तर मी कर्जखात्यात बसायला नालायक ठरेन. स्मिथच्या पुढच्या खेळाची जाहिरात झाली, खेळ आलाच नाही. कंपनी १९८८ मध्ये बंद पडली. पुढे तो काही वर्षं हॉलंडात जाऊन राहिला आणि मॅथ्यू स्मिथ आहे कुठे, असं चाहते एकमेकांना विचारत राहिले. लिव्हरपूलचीच 'इमॅजिन' ही कंपनी १९८४ च्या जुलैत बुडाली तेव्हा तर बीबीसीचे लोक तिच्यावर चित्रपट काढायला आले होते. कंपनीचं यश टिपता टिपता कॅमेऱ्यांनी तिची जप्ती टिपली. उलट डेव्हिड आणि रिचर्ड डार्लिंग हे दोघे भाऊ घरातून टपालानं कॅसेटी विकता विकता १९८६ मध्ये 'कोडमास्टर्स' काढून बसले. आणि त्यांच्याकडे फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांनी १९८७ मध्ये 'डिझी' आणला. त्याचा नायक म्हणजे हातपाय फुटलेलं एक अंडं. थोडक्यात, काही खाती उत्तम, काही थकीत. कुक्कुटपालनातही असंच असतं.

तीन आठवड्यांनी फाइली संपल्या. आता शेरा लिहायचा. आणि इथेच, मघाशी पुढे सांगतो म्हटलं ते सांगायला हवं.

भारतातही ही यंत्रं आली. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना काढली, तिच्यात इंग्लंडातलेच बीबीसी मायक्रो होते. आमच्या शाळेपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. पण १९९६ साली, दहावीच्या सुट्टीत, आमच्या तालुक्याच्या गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटनं दोन संगणक आणले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फी भरली. अण्णा पोस्टात होते. त्या संगणकात बेसिकचाच एक अवतार होता, क्यूबेसिक. त्याच्याबरोबर नमुन्याचे चार प्रोग्रॅम फुकट यायचे. एकात दोन गोरिला इमारतींवर उभे राहून एकमेकांना केळी फेकून मारायचे. दुसरा सापाचा. तिसरा बेसिकच्या जुन्या प्रोग्रॅमांतले ओळींचे क्रमांक पुसणारा. आणि चौथ्याचं नाव होतं 'मनी', घरगुती जमाखर्चाचा. मी दोन महिने गोरिलाचं पोट फाडून पाहिलं. केळ्याचा वेग कुठल्या ओळीत आहे ते शोधलं. 'मनी' एकदाही उघडला नाही. त्याचा सूड म्हणून नियतीनं मला उरलेलं आयुष्य 'मनी'तच बसवलं.

त्या सुट्टीत मी स्वतःचा एक खेळ लिहिला होता. नाव : 'एसटी पकड'. डावीकडून एसटी येते, मध्ये थांबा, एसटी थांब्यावर आली की कळ दाबायची. फक्त एक अडचण होती. एसटी कधीच पकडता येत नसे. बरोब्बर वेळेला कळ दाबली तरी ती निघून जायची. मित्र म्हणाले, "वा! अगदी खरीखुरी झालीय!" मी आठवडाभर चूक शोधत होतो. तेवढ्यात अकरावीचे क्लास लागले. अण्णांनी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "यावर पोट भरणारा एक माणूस दाखव."

मला एकही नाव माहीत नव्हतं.

अण्णांना मी दोष देत नाही. पोस्टातल्या माणसापुढे पत्ता नसलेलं पाकीट आलं तर त्यानं ते पाठवायचं कुठे? त्यांनी ते परत केलं, इतकंच. मी कॉमर्सला गेलो, बँकेत लागलो, सुखात आहे. फक्त त्या रात्री मुलाला 'बघतो' म्हटलं, आणि माझ्या तोंडून अण्णांचा आवाज आला. म्हणून झोप गेली. तीन आठवडे मी जे वाचत होतो ते लॅपटॉपसाठी नव्हतं. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. आता माझ्याकडे नावं आहेत, सालं आहेत, पौंड आणि डॉलर आहेत. अण्णा नाहीत.

माळ्यावरून अकरावीची अकौंटन्सीची वही काढली. 'एसटी पकड' शेवटच्या चार पानांवर होती. चिरंजीवांनी ती पाहिली. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "बाबा, तुझी एसटी दुसऱ्या रकान्यातून निघते आणि तीन-तीन रकाने उडी मारते. म्हणजे अडतीस, मग एकदम एक्केचाळीस. थांबा चाळिसावर आहे. ती थांब्यावर येतच नाही! 'बरोबर चाळीस' ऐवजी 'चाळीस किंवा जास्त' लिहायला हवं होतं. तू सुधारलं का नाहीस?"

"अकरावी होती," मी म्हटलं. अकरावीत असं काय असतं, हे त्यानं विचारलं नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतल्यासारखं रीतसर मंजुरीपत्र तयार केलं. किंमत २७ हजार. मार्जिन पन्नास टक्के, कर्जदारानं घालायचं. अट एक : अभ्यास सांभाळून. अट दोन : तयार होणाऱ्या खेळात एकही चूक नसावी. अट तीन : पहिला खेळ 'एसटी पकड', या वेळी एसटी मिळालीच पाहिजे.

चिरंजीवांनी ते नीट वाचलं. मंजुरीपत्र वाचून सही करणारा हा माझ्या कारकिर्दीतला पहिला कर्जदार. म्हणाले, "बाबा, अट दोन चुकलीय. एकही चूक नाही असा प्रोग्रॅम नसतो. 'चूक सापडली की सुधारावी' असं लिही."

बावीस वर्षांत कोणाही ग्राहकासाठी मी छापील अट बदललेली नाही. ही बदलली.

मग गॅरिअटच्या फाइलीचं शेवटचं पान त्याला वाचून दाखवलं. डोळे अधू म्हणून नासानं नाकारलेला तो मुलगा खेळांवर मिळवलेल्या पैशातून सुमारे तीन कोटी डॉलर मोजून २००८ च्या ऑक्टोबरात रशियन यानातून अंतराळात गेलाच. तेव्हा त्याचे वडील ७७ वर्षांचे होते. या वेळी मार्जिन शंभर टक्के मुलाचं.

चिरंजीवांनी आपला वाटा आणला. दिवाळीची ओवाळणी, मामाचे, आत्याचे, सगळं डब्यात. वहीत बेरीज लिहिली होती १३,५४०. मी सवयीनं मोजले, भरले १३,४५०. पुन्हा मोजले. तेवढेच. फरक नव्वदाचा. नऊनं भाग गेला.

"आकडे उलटे लिहिलेस," मी म्हटलं, आणि आमच्या हेडक्लार्कचा चेहरा तेव्हा का फुलायचा ते मला कळलं.

अर्ध्याला पन्नास रुपये कमी पडत होते. ते मी घातले. चिरंजीवांनी पेन्सिल उचलली. "हे पन्नास कोणाच्या नावे लिहू?"

मी म्हटलं, "आजोबांच्या."